गंमत म्हणून दिलेलं एक नाव



आज कोणत्याही पाठाविषयी किंवा शैक्षणिक साहित्याविषयी लिहीत नाहीये. आज मी माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. ती झाली तेव्हा मी तिसरीत होतो, त्यामुळे "लहानपणी होतं असं, चालायचंच" असं तुम्ही म्हणू शकता. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. आता म्हणवत नाही. का, ते सांगतो.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. आम्ही २००३ साली दहावी झालो, म्हणजे वीस वर्षं पूर्ण. हल्ली गावोगाव असे मेळावे होतात, तुम्हीही एखाद्याला गेला असाल. व्हॉट्सॲपचा ग्रुप, वर्गणी, मंडप, फेटे, गुरुजनांचा सत्कार, मुलींची तीच जुनी रांग आणि मुलांचा तोच जुना गोंधळ. सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे. डी.एड. केलेल्या माणसाच्या हातात माईक आपोआप येतोच.

प्रत्येकाची ओळख करून द्यायची असं ठरलं होतं. संतोष (नाव बदललं आहे) उशिरा आला. चाकणला एका कारखान्यात आहे तो, रात्रपाळी करून थेट आला होता. मंडपाच्या दाराशी उभा राहिला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आरं, नळ आला नळ!" सगळा मंडप हसला. माईक माझ्या हातात होता. मीही हसलो आणि म्हणालो, "या या, पाण्याची सोय झाली." पुन्हा हशा. संतोषही हसला.

जेवणाची पंगत बसली तेव्हा तो दिसला नाही. कुणीतरी म्हणालं, शिफ्ट असेल. मला माहीत होतं, तो रात्रपाळी करूनच आला होता. त्या दिवशी परत शिफ्ट कशी असेल?

करंगळी

हे नाव कुठून आलं ते ऐका. १९९५-९६ चं वर्ष. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातली शाळा, तिसरीचा वर्ग, दुपारची वेळ. गुरुजी पाढे म्हणून घेत होते. संतोषनं करंगळी वर केली. गुरुजी म्हणाले, "आत्ताच सुट्टी झाली ना? बस खाली." थोड्या वेळानं त्यानं पुन्हा करंगळी दाखवली. गुरुजी म्हणाले, "तेराचा पाढा म्हण आणि जा." तो उभा राहिला. तेरा सक पर्यंत आला आणि तिथंच त्याची चड्डी ओली झाली.

वर्ग एकदम शांत झाला. ती शांतता मला अजून आठवते, कारण ती मीच मोडली. मी त्याच्या मागच्याच पट्टीवर बसलो होतो. मी ओरडलो, "आरं, नळ सुटला!"

सगळे हसले. गुरुजींनाही हसू आवरलं नाही. आणि खरं सांगू का, मला फार भारी वाटलं. अभ्यासात मी यथातथाच होतो. सगळा वर्ग माझ्या बोलण्यावर हसला, असं पहिल्यांदाच घडलं होतं.

गोष्ट एवढीच. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. पण त्या दिवसापासून दहावीपर्यंत संतोष हा संतोष राहिला नाही. तो वर्गात आला की मुलं पाय वर घ्यायची. पावसात छत गळलं की सगळे त्याच्याकडे बघायचे. सहलीच्या एस.टी.त त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही. कबड्डीत त्याला पकडलं की "सोड सोड, ओलं होशील!" कुणी त्याला मारलं नाही. डबा हिसकावला नाही. मोठ्या माणसांना दिसावं असं काही घडलंच नाही. फक्त एक शब्द होता आणि तो सात वर्षं रोज होता.

फोन

मेळाव्यानंतर तीन आठवडे मी फोन करू की नको यात घालवले. शेवटी एका रविवारी केला. सुरुवातीला इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो, "त्या दिवशी जेवला नाहीस." तो म्हणाला, "आरं, बाहेर गेलो की मी पंगतीत बसतच नाय. मधून उठायला लागलं तर?"

मग हळूहळू तो बोलत गेला. मी पहिल्यांदाच नुसतं ऐकत होतो.

त्याला दोनदा मुतखडा झाला होता. एकदा ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? तो म्हणाला, सकाळी एक पेला, जेवणानंतर एक पेला, बाकी रात्री घरी आल्यावर. डॉक्टर चिडले. कारखान्यात उष्णतेत काम करणारा माणूस आणि पाणी एवढंच? "लायनीवर सगळ्यांच्या हातात बाटली असते," संतोष सांगत होता, "माझ्याकडं पण असते. पण मी पीत नाय. प्यायलं की जावं लागणार, आणि जायचं म्हटलं की सुपरवायझरला हात दाखवायचा. हात वर करायचा म्हटलं की माझ्या छातीत धडधड होते. हसू नको."

मी हसलो नव्हतो. विचारलं, "ही सवय कधीपासूनची?"

पलीकडं शांतता. मग म्हणाला, "तिसरीपासूनची."

तेव्हा मला आठवलं. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे टाकीवर तुटून पडायचो, तेव्हा संतोष कधी तिथं नसायचा. आम्हाला वाटायचं, नळ नळाला कशाला जाईल! त्यावरही आम्ही विनोद केला होता.

पुढं तो म्हणाला, लांबच्या प्रवासाला जात नाही. मीटिंगच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. बढतीची संधी आली होती, पण त्यात रोज सकाळी वीस जणांपुढं उभं राहून बोलायचं होतं, म्हणून नको म्हणाला. बायकोला मुतखड्याचं माहीत आहे, नावाचं माहीत नाही. मुलाला शाळेत घालायला गेला तेव्हा त्यानं फी विचारायच्या आधी मुताऱ्या कुठं आहेत ते बघितलं.

मी माफी मागितली. कशी मागायची असते, तेही मला नीट कळत नव्हतं. तो म्हणाला, "माफी राहू दे. तू मास्तर हायस ना? मग तुझ्या वर्गात बघ जरा."

हे फक्त संतोषचंच आहे का?

फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावायला लागलो. मुतखड्याची कारणं अनेक असतात. स्वभावच भित्रा असेल. एका शब्दानं माणूस वीस वर्षं आजारी पडतो होय? मग मी वाचायला लागलो. जे वाचलं ते तुमच्यापुढं ठेवतो, कारण आपल्या डी.एड.च्या अभ्यासक्रमात बालमानसशास्त्र होतं, पण निदान मला तरी हे कुणी शिकवलं नव्हतं.

१९५८ च्या मार्च महिन्यात एकाच आठवड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक बाळांची नोंद करून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा एक मोठा अभ्यास तिकडं सुरू झाला. मुलं ७ वर्षांची आणि ११ वर्षांची असताना त्यांच्या पालकांना विचारलं होतं की, तुमच्या मुलाला इतर मुलं त्रास देतात का? पुढं लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी त्यातल्या ७,७७१ जणांची माहिती तपासली. २८ टक्के मुलांना अधूनमधून त्रास झाला होता आणि १५ टक्के मुलांना वारंवार. मग हीच मुलं २३, ४५ आणि ५० वर्षांची झाल्यावर कशी आहेत, ते बघितलं. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ज्यांना लहानपणी वारंवार त्रास झाला होता, त्यांच्यात पंचेचाळिशीत नैराश्याची शक्यता इतरांच्या जवळपास दुप्पट दिसली. चिंतेचे विकार जास्त होते, जीव नकोसा वाटणं जास्त होतं. पन्नाशीत त्यांची तब्येत सर्वसाधारणपणे कमी चांगली होती, स्मरणशक्ती आणि विचार करण्याच्या चाचण्यांमध्ये ते मागे होते, त्यांना जोडीदार किंवा अडीअडचणीला धावून येणारी माणसं असण्याचं प्रमाण कमी होतं. घरची परिस्थिती, मुलाची बुद्धिमत्ता, आधीपासूनच्या वर्तनसमस्या हे सगळं हिशोबात धरूनही फरक उरलाच. लहानपणी घरापासून दूर, सरकारी संगोपनात वाढावं लागलेल्या मुलांवर जेवढा परिणाम दिसतो, साधारण तेवढाच हाही परिणाम होता, असं संशोधकांनी म्हटलं आहे. मी हे वाक्य दोनदा वाचलं. कारण अनाथाश्रमात वाढलेल्या मुलाबद्दल आपल्या मनात लगेच कणव येते. चिडवल्या जाणाऱ्या मुलाला मात्र आपण म्हणतो, "तू लक्ष नको देऊस."

२०१५ साली याच लोकांच्या रक्ताच्या तपासण्यांवर आधारित दुसरा लेख आला. कोरोनात आपल्या सगळ्यांना एक टेस्ट तोंडपाठ झाली होती, आठवते? सी.आर.पी. शरीरात कुठं दाह चालू असला की हे प्रथिन रक्तात वाढतं. ते सतत थोडं वाढलेलं राहणं हृदयविकाराच्या धोक्याशी जोडलं जातं. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये ४५ व्या वर्षी हे वाढलेलं असण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्यांच्यातल्या स्त्रियांमध्ये लठ्ठपणाही जास्त होता. म्हणजे शाळा सुटून तीस वर्षं झाली, चिडवणारे कुठल्या कुठं गेले, तरी रक्तात खूण दिसत होती.

असं का होत असेल? आपण वर्गात सांगतो ना, समोर कुत्रा आला की छाती धडधडते, हातपाय ताठतात, तोंडाला कोरड पडते. शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. कुत्रा गेला की सगळं पूर्ववत. पण ज्या मुलाला कुत्रा रोज सकाळी अकरा ते पाच वर्गातच भेटतो, त्याचं शरीर पूर्ववत कधी होणार? ताणाची संप्रेरकं पुन्हा पुन्हा स्रवत राहतात. झोप बिघडते, भूक बिघडते. आणि मूल स्वतःला वाचवायचे मार्ग शोधतं. कुणी खात सुटतं, कुणी बोलायचं बंद करतं, कुणी पाणी प्यायचं बंद करतं. तेव्हाचा तो मार्ग शहाणपणाचाच असतो. पण शाळा संपल्यावरही तो सुटत नाही आणि मग तोच आजार होतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे कुणी पालक घाबरून जाऊ नये. हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. चिडवलं गेलेलं प्रत्येक मूल आजारीच पडतं असं मुळीच नाही. कितीतरी जण छान सावरतात, विशेषतः ज्यांना घरी किंवा शाळेत ऐकून घेणारं एक तरी माणूस असतं. आणि संतोषचा मुतखडा केवळ माझ्या एका शब्दानं झाला, असं कोणताही डॉक्टर लिहून देणार नाही. पण तो पाणी का पीत नव्हता, ते मला माहीत आहे.

माझ्या वर्गातलं कासव

आता संतोषनं सांगितलेल्या कामाकडं येतो. "तुझ्या वर्गात बघ."

आमची द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडं तिसरी आणि चौथी. मुलं गुणी आहेत. मी छातीठोकपणे सांगितलं असतं की माझ्या वर्गात असलं काही चालत नाही. तरी ठरवलं, आठ दिवस फक्त कान उघडे ठेवायचे. मधल्या सुट्टीत ऑफिसमध्ये बसून ऑनलाइन माहिती भरायची नाही, व्हरांड्यात उभं राहायचं.

तिसऱ्याच दिवशी ऐकलं. तिसरीतली एक मुलगी शाळेच्या फाटकातून येत होती आणि चौघंजण तालावर म्हणत होते, "कासव आलं, कासव आलं!" ती खाली मान घालून चालत होती. मी पुढं झालो, त्यांना थांबवलं, विचारलं, "हे नाव कुणी ठेवलं रे तिला?"

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मग एक धिटुकला म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच."

खरं होतं ते. ती सावकाश लिहिते. जून महिन्यात कधीतरी मी फळ्यावरचं उतरवून घेताना म्हणालो होतो, "काय गं कासवा, झालं की नाही?" प्रेमानंच म्हणालो होतो. ससा-कासवाच्या गोष्टीत कासव जिंकतं, असंही मनात होतं बहुतेक. पुढं हजेरी घेतानाही दोन-चारदा म्हणालो असेन. माझ्या लेखी ते लाडाचं नाव होतं. पण मी ते म्हणालो म्हणजे गुरुजींनी परवानगी दिली, असा मुलांनी अर्थ घेतला. आमच्या गुरुजींच्या त्या हसण्याचा मी जो अर्थ घेतला होता, अगदी तोच.

तिच्या आईला भेटलो. आई म्हणाली, "गुरुजी, हिचं सोमवारी सकाळी पोट दुखतंच. दवाखान्यात दाखवलं, काही निघत नाही. रविवारी मात्र ठणठणीत." मी काही बोलू शकलो नाही. मित्रांनो, आपल्या हजेरीपटावर "पोटदुखी", "डोकेदुखी" म्हणून गैरहजर असणारी मुलं आठवून बघा. सगळी खोटं बोलत नसतात. छळ सहन करणाऱ्या मुलांमध्ये पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणं, अंथरूण ओलं होणं याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पोट खरंच दुखत असतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी वर्गापुढं उभा राहिलो आणि सांगितलं, "मी एका मुलीला एक नाव ठेवलं होतं. ते मला ठेवायला नको होतं. मी चुकलो. आजपासून मी ते नाव घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका." तिच्याकडं बोट दाखवलं नाही, पण सगळ्यांना कळलंच. ती बेंचवरच्या लाकडाची चीर नखानं कोरत होती. तिनं वर बघितलं नाही. तिचं पोट लगेच थांबलं असंही नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र तिची सोमवारची गैरहजेरी कमी होत गेली. एवढंच सांगू शकतो, त्याहून जास्त सांगितलं तर ते खोटं होईल.

भांडण वेगळं, छळ वेगळा

काही शिक्षक म्हणतील, मग मुलांनी चेष्टामस्करी करायचीच नाही का? करायची की. प्रश्न वेगळा आहे. डॅन ओल्वेयस नावाचे मानसशास्त्रज्ञ नॉर्वेत होऊन गेले, या विषयाच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. त्यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत. त्रास जाणूनबुजून दिला जातो. तो पुन्हा पुन्हा दिला जातो. आणि दोघांची ताकद सारखी नसते. ताकद म्हणजे फक्त अंगातली नव्हे. एकीकडं एक मूल आणि दुसरीकडं हसणारा अख्खा वर्ग, हीसुद्धा ताकदीतली तफावतच. दोन मित्र एकमेकांना "जाड्या-रड्या" म्हणतात आणि दोघंही हसतात, तो खेळ. एकच जण रोज ऐकतो आणि बाकीचे हसतात, तो छळ. आणि लक्षात ठेवा, ज्याच्यावर हसतात तोही हसतो. संतोष मंडपात हसला होता. त्या हसण्यावर जाऊ नका.

नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी आयुष्य संपवलं आणि त्यामागं सोबत्यांकडून झालेला छळ होता असं दिसलं. तेव्हा तिथलं शिक्षण खातं हललं आणि १९८३ मध्ये देशभर शाळांमध्ये मोहीम सुरू झाली. बर्गन शहरातल्या सुमारे २,५०० मुलांवर ओल्वेयस यांनी दोन वर्षं लक्ष ठेवलं. छळाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. उपाय काही जगावेगळे नव्हते. सुट्टीत मोठ्यांची नजर, वर्गाचे चार स्पष्ट नियम, मुलांशी नियमित बोलणं, पालकांना सोबत घेणं. आपल्याला न जमण्यासारखं यात काय आहे?

आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटला. कॅनडात टोरांटोच्या प्राथमिक शाळांमध्ये संशोधकांनी मैदानावरचं चित्रीकरण केलं. बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती, पण मध्ये पडली ती पाचातल्या साधारण एका प्रसंगात. मात्र जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! आमच्या वर्गात त्या दिवशी चाळीस मुलं होती. एकानं "गप रे" म्हटलं असतं तर? गुरुजींनी माझ्याकडं नुसतं डोळे वटारून बघितलं असतं तर?

आम्ही काय बदललं

आमच्या छोट्या शाळेत आम्ही दोघांनी मिळून काही साध्या गोष्टी सुरू केल्या. कदाचित तुम्हाला उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, वर्गाच्या दाराशी एका खिळ्याला लाकडी पाटी टांगली आहे. तिच्या एका बाजूला "वर्गात", दुसऱ्या बाजूला "जाऊन येतो". ज्याला जायचं त्यानं पाटी उलटी करायची आणि जायचं. करंगळी नाही, परवानगी नाही, पाढा तर नाहीच. सुरुवातीचे चार दिवस सगळ्यांनाच लागली होती! मग नवलाई संपली. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, हे आपण प्रशिक्षणात ऐकतो आणि छडीपुरतं लक्षात ठेवतो. लघवीला न सोडणं हाही त्रासच आहे.

दुसरी गोष्ट, दिवसातून तीनदा पाण्याची घंटा. सगळ्यांनी एकदम पाणी प्यायचं. जे मूल पीत नाही त्याच्याकडं वेगळं लक्ष जातं. मी ते नोंदवून ठेवतो आणि एकटं गाठून विचारतो.

तिसरी, हजेरी पूर्ण नावानं, नीट उच्चारून. आम्ही दोघं शिक्षकही कुणाला "जाड्या", "बुटक्या", "ढब्बू", "काळू" म्हणत नाही. स्टाफरूममध्येसुद्धा नाही, कारण तिथलं वर्गात येतंच.

चौथी, चिडवणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर झोडपत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या १,४२० मुलांचा असाच दीर्घ अभ्यास झाला. त्यात मोठेपणी सर्वांत जास्त मानसिक त्रास दिसला तो स्वतः छळ सोसून पुन्हा इतरांना छळणाऱ्या मुलांमध्ये. म्हणजे चिडवणारं मूलही कुठंतरी चिडवलं जात असू शकतं. त्याला थांबवायचं ठामपणे, पण बोलायचं एकट्याला बाजूला घेऊन. आणि चारचौघांत मिरवता येईल असं दुसरं काही काम त्याला द्यायचं. मला तेव्हा कुणी नाटकात काम दिलं असतं, तर वर्गाला हसवण्यासाठी संतोषची गरज पडली नसती.

पालकांसाठी दोन शब्द

तुमचं मूल सांगत आलं की "मला चिडवतात", तर "तू पण चिडव", "एक ठेवून दे" किंवा "दुर्लक्ष कर" ही तीन वाक्यं गिळून टाका. आधी पूर्ण ऐका. मग शिक्षकांना भेटा. तक्रारीच्या सुरात नको, पण टाळूही नका. शाळेत तक्रारपेटी असते, तिचाही वापर करा. प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतःच संतोष असाल, लहानपणीचं काही अजून छातीत धडधडत असेल, तर १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही. शरीराला दुखतं तेव्हा आपण डॉक्टरकडं जातोच की.

मी बॅचच्या ग्रुपवरही लिहिलं. नाव न घेता लिहिलं की आपण हे टोपणनाव आता बंद करू या. काहींनी अंगठा दाखवला. एकानं लिहिलं, "एवढं काय सिरीयस घेतोस मास्तर, आठवणी आहेत त्या." खरंय, आठवणी आहेत. पण कुणाच्या, हा प्रश्न आहे. संतोष तो ग्रुप सोडून गेला नाही, बोललाही नाही. अधूनमधून आमचा फोन होतो. मी पाण्याचं विचारतो. कधी म्हणतो, पितोय. कधी विषय बदलतो.

जाता जाता एक विनंती. आज रात्री जेवताना आपल्या मुलाला "तुला कुणी चिडवतं का?" असं विचारू नका. या प्रश्नाला मुलं "नाही" म्हणतात. त्याऐवजी सहज विचारा, "तुमच्या वर्गात कुणाकुणाला कसली नावं पडलीत रे?" आणि मग शांतपणे ऐका.

मला १९९५ साली माझ्या आईनं हा प्रश्न विचारला असता, तर मी मोठ्या आनंदानं, हसत हसत उत्तर दिलं असतं. आणि कदाचित तिच्या हातातली भाकरी तिथंच थांबली असती.